खातं कोणत्या बँकेत काढायचं? रिबा टाळू पाहणाऱ्या रायगडकरांसाठी माहिती

उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन. किनाऱ्यावरच्या या गावांत आता बँक खात्याशिवाय घर चालत नाही. दुबई-कुवेतहून येणारा पैसा, मासळीचा हिशेब, मुलांची शिष्यवृत्ती, गॅसचं अनुदान, निराधार योजनेची पेन्शन, सगळं खात्यातूनच येतं. हजच्या अर्जालासुद्धा रद्द केलेला धनादेश जोडावा लागतो. दुसरीकडे रिबा हराम आहे आणि सूरह अल-बकरामध्ये त्याबद्दल किती कडक इशारा दिला आहे, हे आपल्यातल्या लहान मुलालाही मकतबमध्ये शिकवलं जातं. म्हणून जुम्याच्या नमाजनंतर, लग्नाच्या मांडवात, गल्फला जाण्याच्या आदल्या रात्री एकच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो: व्याज नको आहे, मग खातं कुठल्या बँकेत काढू?

थोडक्यात उत्तर असं. पूर्णपणे रिबामुक्त असलेली परवानाधारक बँक आज भारतात नाही. त्यामुळे अशी बँक शोधत बसण्यापेक्षा आहे त्या बँकांमधून निवड करताना तीन कसोट्या लावाव्यात, आणि त्याही याच क्रमाने. पहिली, आपली अमानत तिथे सुरक्षित आहे का. दुसरी, व्याजाशी आपला संबंध किती कमी ठेवता येतो. तिसरी, बँक आपल्याशी आणि समाजाशी कशी वागते. पुष्कळ लोक हा क्रम उलटा लावतात. कोणी "हलाल" म्हटलं की पैसे देतात आणि सुरक्षिततेचा प्रश्न शेवटी, पैसे बुडाल्यावर विचारतात. घरातला पैसा बहुतेक वेळा एकट्याचा नसतो. त्यात बायकोचा महर असतो, यतीम पुतण्याचा हिस्सा असतो, आईच्या औषधाचे पैसे असतात. ती अमानत सांभाळणं ही सुद्धा दीनचीच जबाबदारी आहे.

भारतात इस्लामी बँक का नाही?

इस्लामी बँक पैसे व्याजाने देत नाही. ती माल विकत घेऊन ठरलेल्या नफ्यावर ग्राहकाला विकते, भाड्याने देते किंवा धंद्यात भागीदार होते. दुबई इस्लामिक बँक १९७५ मध्ये आणि कुवेत फायनान्स हाऊस १९७७ मध्ये याच पायावर सुरू झाल्या. आपल्याकडे बँकिंग नियमन कायदा, १९४९ लागू आहे. त्याचं कलम ८ बँकेला मालाच्या खरेदी-विक्रीचा धंदा करू देत नाही. म्हणजे इस्लामी बँकेचा मुख्य व्यवहारच इथे कायद्यात बसत नाही.

मागणी मात्र जुनी आहे. २००८ मध्ये रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालच्या आर्थिक सुधारणा समितीने बिनव्याजी बँकिंगची सोय व्हावी असं सुचवलं. जे लोक श्रद्धेमुळे बँकेपासून लांब राहतात त्यांना व्यवस्थेत आणावं, हा त्यामागचा विचार होता. २०१५ मध्ये दीपक मोहंती समितीने साध्या बँकांमध्येच बिनव्याजी खिडकी उघडण्याची शिफारस केली. पण २०१७ मध्ये माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर देताना रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवल्याचं सांगितलं. विषय तिथेच थांबला आहे.

"आपल्या लोकांची बँक" असा शब्द आपल्याकडे वापरला जातो. मुंबईची बॉम्बे मर्कंटाईल को-ऑपरेटिव्ह बँक किंवा कोकणी मुस्लिमांनी उभी केलेली कोकण मर्कंटाईल को-ऑपरेटिव्ह बँक ही त्याची उदाहरणं. समाजाच्या जडणघडणीत अशा संस्थांचं स्थान आहे. तरी एक गोष्ट समजून घ्यावी: त्यांनाही तोच कायदा लागू आहे, त्याही ठेवींवर व्याज देतात आणि कर्जावर व्याज घेतात. संचालक मुस्लिम असल्याने खातं बिनव्याजी होत नाही. म्हणून त्यांनाही तीच कसोटी लावायची जी स्टेट बँकेला लावायची.

पेण आणि पनवेलचा धडा

सुरक्षिततेचा मुद्दा पहिला का, हे रायगडकराला लांबचं उदाहरण देऊन सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बनावट कर्जखात्यांच्या वाटेने शेकडो कोटी रुपये बाहेर गेल्याचं तपासात पुढे आलं. जवळपास दोन लाख ठेवीदार अडकले. त्यात शेतकरी होते, निवृत्त शिक्षक होते, मासळी विकणाऱ्या बाया होत्या, सगळ्या धर्मांचे लोक होते. त्या काळात ठेवीवरचं विम्याचं संरक्षण फक्त एक लाखाचं होतं. ठेवीदारांना पुढची अनेक वर्षं मोर्चे काढावे लागले, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

त्यानंतर पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला. यावेळी एक फरक होता. सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं. कारण ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली होती. हा बदल झाला तो मुंबईतल्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आल्यानंतर काही महिन्यांनी. पीएमसीच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्या रांगा टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

बँकेची तपासणी कशी करायची?

हे काम साध्या माणसाला जमत नाही असं समजू नका. पुढच्या गोष्टी बघितल्या तरी पुरे आहे.

१. विमा. ठेव विमा महामंडळ, ज्याला डीआयसीजीसी म्हणतात, ते दर बँकेमागे दर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत संरक्षण देतं. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तरी मर्यादा एकच. म्हणून रक्कम पाच लाखांच्या वर जात असेल तर ती दोन बँकांमध्ये विभागून ठेवा. बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची, अशी सुधारणा २०२१ मध्ये कायद्यात झाली आहे.

२. थकीत कर्ज. बँकेचा वार्षिक अहवाल मागा किंवा वेबसाइटवर बघा. त्यात "निव्वळ एनपीए" असा आकडा असतो. हा आकडा सहा टक्क्यांच्या वर गेला की रिझर्व्ह बँक स्वतः त्या बँकेला सुधारणेच्या चौकटीत टाकते. तेव्हा आपणही सावध व्हायला हवं.

३. जास्त व्याजाचं आमिष. सगळ्या बँका एक दर देत असताना एखादी बँक त्यापेक्षा खूप जास्त देते, तर तिला पैशाची निकड आहे असं समजावं. आपल्याला व्याज नकोच आहे, तेव्हा या आमिषाला भुलण्याचं काही कारणही नाही. रिबा टाळणाऱ्याचा हा एक व्यवहारी फायदाच आहे.

४. आकार. स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तीन बँकांना रिझर्व्ह बँकेने देशाच्या व्यवस्थेसाठी महत्त्वाच्या बँका ठरवलं आहे. त्यांच्यावर जास्त कडक नियम आहेत. ज्यांची सगळी पुंजी एकाच खात्यात आहे, त्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा.

कोणत्या प्रकारचं खातं?

खरी निवड इथे आहे. बँकेचं नाव बदलून व्याज टळत नाही, खात्याचा प्रकार बदलून मात्र टळू शकतं.

चालू खातं: यावर बँक व्याज देत नाही. दुकानदार, बोटमालक, रिक्षा-टेम्पोवाले, ठेकेदार यांच्यासाठी हा सरळ मार्ग आहे. अडचण दोन प्रकारची असते. किमान शिल्लक जास्त ठेवावी लागते, आणि बँक व्यवसायाचा पुरावा मागते. शॉप अ‍ॅक्टची नोंद किंवा उद्यम नोंदणी असेल तर काम सोपं होतं. शिल्लक कमी झाल्यावर बँक जो दंड लावते तो व्याज नव्हे, सेवेचा आकार आहे, तरी खर्च तो खर्चच. आधी दरपत्रक मागून घ्या.

बचत खातं: नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी यांच्यासाठी बहुतेक वेळा हेच खातं राहतं. यावर व्याज येतंच. "माझ्या बचत खात्यावर व्याज लावू नका" असा अर्ज काही जण देतात. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चालू खातं सोडून इतर ठेवी बिनव्याजी स्वीकारायला बँकांना मनाई आहे. त्यामुळे शाखेतला कारकून नाही म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका, त्याच्या हातात ते नाही. बचत खात्यात गरजेपुरतीच रक्कम ठेवली की व्याजही कमी येतं.

मूलभूत बचत खातं: यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, एटीएम कार्ड मोफत मिळतं आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. पेन्शन, शिष्यवृत्ती, अनुदान यासाठी हे पुरेसं आहे. एका बँकेत हे खातं असेल तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

पोस्टाची पेमेंट्स बँक: इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. पोस्टमन घरी येऊन व्यवहार करतो म्हणून लांबच्या वाड्यांत ती सोयीची आहे. पेमेंट्स बँकेला कर्ज देता येत नाही, त्यामुळे "ही तर रिबामुक्त झाली" असं काही जण सांगतात. ते पूर्ण खरं नाही. अशा बँकेला ठेवींचा किमान ७५ टक्के भाग सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो आणि रोख्यांवर व्याजच मिळतं. शिवाय दिवसाअखेर दोन लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. रोजच्या देण्या-घेण्याला चांगली, पण तिला हलालचा शिक्का लावू नये.

सही करण्याआधी काय बघायचं?

खातं उघडण्याच्या फॉर्मवर पुष्कळ बारीक चौकोन असतात. घाईत सगळ्यांवर टिक केली जाते आणि नको असलेल्या गोष्टी मागे लागतात.

"ऑटो स्वीप" असेल तर ठरावीक रकमेच्या वरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत जातात आणि जास्त व्याज मिळू लागतं. ही सोय बंद ठेवायला सांगा. "ओव्हरड्राफ्ट" म्हणजे खात्यात नसलेले पैसे उचलणं, त्यावर व्याज द्यावं लागतं. जनधन खात्यावरही दहा हजारांपर्यंतची अशी सोय असते. ती घेतलीच पाहिजे अशी सक्ती नाही. विम्याच्या योजनांचा हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप कापला जातो. विम्याबद्दल उलमांमध्ये चर्चा आहे, तेव्हा आधी विचारून मग संमती द्या. न विचारता हप्ता कापला असेल तर लेखी अर्ज देऊन तो बंद करता येतो.

लॉकरबद्दलही एक गोष्ट. दागिने घरात ठेवण्याची भीती म्हणून बऱ्याच घरांत लॉकर घेतात. लॉकरचं भाडं ही सेवेची किंमत आहे, त्यात हरकत नाही. मात्र बँक तीन वर्षांच्या भाड्याइतकी मुदत ठेव तारण म्हणून मागू शकते आणि त्या ठेवीवर व्याज येतं. ते व्याज पुढे सांगितलं तसं वेगळं काढायचं.

आलेल्या व्याजाचं काय करायचं?

समजा वर्षभर खात्यात सरासरी एक लाख रुपये राहिले आणि दर अडीच टक्के आहे. वर्षाचं व्याज अडीच हजार होतं, म्हणजे तिमाहीला साधारण सव्वासहाशे. रक्कम लहान दिसते म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि ती घरखर्चात मिसळून जाते. खरी चूक इथे होते.

भारतातल्या बहुतेक मुफ्तींचं सांगणं असं आहे: ही रक्कम बँकेत सोडून देऊ नये, स्वतःवर किंवा आपल्या घरच्यांवर खर्च करू नये, सवाबची नियत न ठेवता गरजवंताला देऊन टाकावी. ती जकात म्हणून चालत नाही, कारण जकात आपल्या हलाल मालातून द्यायची असते. मस्जिदीच्या बांधकामाला ती देऊ नये. रस्ता, शौचालय अशा सार्वजनिक कामाला द्यावी की नाही, याबद्दल मतं वेगळी आहेत. आपल्या किनाऱ्यावर बहुसंख्य लोक शाफई मसलकचे आहेत, तेव्हा आपल्या जमातीच्या काझी किंवा मुफ्ती साहेबांना विचारून एकदाच निर्णय घ्यावा आणि मग त्यावर कायम राहावं.

पद्धत सोपी ठेवा. दर तिमाहीला पासबुक भरून आणा, व्याजाच्या नोंदीखाली रेघ ओढा, तेवढी रक्कम काढून द्या आणि वहीत तारीख लिहा. जकात काढताना मुद्दल धरा, व्याज धरू नका. आयकराच्या बाबतीत मात्र गफलत नको: व्याज दान केलं तरी कायद्याच्या नजरेत ते तुमचंच उत्पन्न आहे आणि विवरणपत्रात दाखवावं लागतं.

गल्फमधल्या भावांसाठी

परदेशात नोकरीला गेल्यावर गावातलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं फेमा कायद्यात बसत नाही. ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. परदेशातली कमाई पाठवण्यासाठी एनआरई खातं असतं. बँकेचा माणूस एनआरई मुदत ठेवीची शिफारस करताना एक वाक्य हमखास म्हणतो: "साहेब, हे व्याज करमुक्त आहे." करमुक्त असणं आणि हलाल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनआरई खातं चालू खात्याच्या स्वरूपातही उघडता येतं, हे तो बहुधा आपणहून सांगणार नाही, तुम्हाला विचारावं लागेल.

दुसरा मार्ग म्हणजे बचत तिथल्याच इस्लामी बँकेत ठेवायची आणि घरी दर महिन्याला लागतील तेवढेच पैसे पाठवायचे. त्यामुळे गावच्या खात्यात मोठी रक्कम पडून राहत नाही. पण घरच्यांना त्या खात्याची माहिती असली पाहिजे. परदेशात इंतकाल झाला आणि खातं कुठे आहे हेच घरी माहीत नाही, असं होऊ नये.

भारतातल्या खात्यात दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण निधीत जाते. तरीही ती बुडत नाही, वारसांना मागता येते. अशी जुनी खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये "उद्गम" नावाचं पोर्टल सुरू केलं आहे. आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावाचं एखादं खातं त्यात सापडू शकतं.

बिनव्याजी पतसंस्था: आशा आणि धोका

बँक नाही तर मग बिनव्याजी संस्था आहेत का? आहेत. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासूनचा. मुंबईत १९७० च्या दशकात बैतुन नस्र ही पतसंस्था निघाली. पुढे २०१० मध्ये जनसेवा ही बहुराज्यीय पतसंस्था मुंबईत सुरू झाली. सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बार्शीत बिनव्याजी कर्जाचा प्रयोग केला होता. तो करणारे लोक मुस्लिम नव्हते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. अशा संस्थेत सभासद व्याज न घेता पैसे ठेवतात, संस्था दागिने तारण ठेवून किंवा जामीन घेऊन कर्ज देते आणि कार्यालयाच्या खर्चापुरता सेवा आकार घेते. सावकाराच्या किंवा सोनेतारण कंपनीच्या दारात जाणाऱ्या माणसाला हा मोठा आधार असतो.

पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिला डीआयसीजीसीचा विमा नाही. पाच लाखांचं जे संरक्षण वर सांगितलं ते इथे लागू होत नाही. म्हणून पैसे ठेवण्याआधी हे विचारा: नोंदणी क्रमांक काय? राज्यातली संस्था असेल तर अलिबागच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात चौकशी करता येते. लेखापरीक्षण कोणत्या वर्षापर्यंत झालं आणि वर्ग कोणता मिळाला? वार्षिक सभा होते का, अहवाल सभासदांना मिळतो का? कर्ज संचालकांच्या नातेवाइकांनाच गेलं आहे का? या प्रश्नांवर कोणी "तुम्हाला आपल्या लोकांवर भरवसा नाही का" असं म्हणालं, तर पैसे तिथे ठेवू नका. सूरह अल-बकरामध्येच उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. हिशेब मागणं हा अविश्वास नाही, तो दीनचा हुकूम आहे.

धर्माच्या नावाने काय होऊ शकतं, हे आपण पाहिलं आहे. बंगळूरच्या आयएमए कंपनीचा प्रमुख जून २०१९ मध्ये देश सोडून गेला आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये हिरा गोल्डच्या प्रमुखाला अटक झाली होती. दोन्हीकडे सांगणं एकच होतं, व्याज नाही, हलाल नफा. खऱ्या व्यापारात नफा कधी कमी कधी जास्त होतो, कधी तोटाही होतो. दर महिन्याला ठरलेली मोठी रक्कम कोणी देत असेल, तर ती बहुधा दुसऱ्या ठेवीदाराच्या खिशातून येते. अशा योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्ये झाला आहे. शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

बँकेची वागणूक

तिसरी कसोटी आखलाकची. जगात इतरत्र बिगर-मुस्लिम लोकही बँकेला विचारतात की आमच्या पैशाचं तुम्ही काय करता. नेदरलँड्सची ट्रिओडोस बँक १९८० पासून या विचारावर चालते आणि कर्ज कोणाकोणाला दिलं ते जाहीर करते. आपल्याकडे इतकी पारदर्शकता अजून नाही. तरी काही गोष्टी आपण आपल्या शाखेत पाहू शकतो. मराठीत फॉर्म आणि माहिती मिळते का? वयस्कर बाईला विमा गळ्यात मारला जातो का? मोहल्ल्याचं नाव ऐकून अर्ज बाजूला ठेवला जातो का? काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी नकारात्मक क्षेत्र मानल्याचं सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं आहे. असा अनुभव आला तर आधी शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. त्याचा फोन क्रमांक १४४४८ आहे.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

खात्याला नॉमिनी जरूर लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी ठेवता येतात. पण नॉमिनीला मिळणारा पैसा त्याच्या मालकीचा होत नाही. तो फक्त बँकेकडून रक्कम ताब्यात घेतो. वारसांचा हक्क तसाच राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. शरीअतमध्ये तर हिस्से ठरलेलेच आहेत. मोठ्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून होतं, म्हणून आई आणि बहिणींना काही मिळालं नाही, असे प्रकार आपल्या घरांत होतात. व्याजाचे सहाशे रुपये काळजीने बाजूला काढणारा माणूस बहिणीचा हिस्सा गिळत असेल, तर त्याचा हिशेब कसा जुळणार?

आज काय करता येईल

ज्याचं खातं आधीच आहे त्यानं ते बंद करून धावपळ करण्याची गरज नाही. पासबुक काढा आणि पाच गोष्टी बघा: बँक विम्याखाली आहे का, रक्कम पाच लाखांच्या आत आहे का, ऑटो स्वीप बंद आहे का, व्याजाची वही सुरू केली आहे का, नॉमिनी आणि वारसांना खात्याची माहिती आहे का. ज्यांचा धंदा आहे त्यांनी चालू खात्याची चौकशी करावी.

आणि जमातींनी एक काम हाती घ्यावं. किनाऱ्यावरच्या बहुतेक जमातींकडे बैतुलमाल आहे. त्यातून कर्जे हसना देण्याची लहानशी व्यवस्था उभी करता येते. वही साफ हवी, दरवर्षी हिशेब नोटीस बोर्डावर लागला पाहिजे. बोटीचं इंजिन बिघडलं, मुलीची फी भरायची राहिली, हॉस्पिटलचं बिल अडलं, अशा वेळी माणूस व्याजाच्या दारात जातो तो शौक म्हणून नाही. दुसरं दार बंद असतं म्हणून जातो. ते दार उघडणं कोणत्याही बँकेच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

अल्लाह तआला आपल्या कमाईत बरकत देवो आणि अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.